चढती रेघ आणि बिनडोक्याची बाई

"जगात दोन प्रकारची माणसं असतात, जावईबापू. नुसती बघणारी आणि नीट पाहणारी. मी तिसऱ्या प्रकारचा आहे."

भिंगदादा स्वतःची ओळख करून देताना हे वाक्य नेहमी वापरतात. तिसरा प्रकार कोणता, हे विचारायचं नसतं. लग्न झाल्या झाल्या मी एकदा विचारलं होतं आणि उत्तर संपेपर्यंत जेवण गार झालं होतं. थोडक्यात सांगायचं तर त्यांची नजर भिंतीपलीकडे जाते, त्यांचे कान मुंगीची उचकी टिपतात आणि त्यांचा मेंदू इतका वजनदार आहे की उशीला खळगा पडतो. खळगा मी स्वतः पाहिला आहे. बाकीच्याला पुरावा नाही.

भिंगदादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पोटासाठी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि आत्म्यासाठी गुन्हे शोधतात. त्यांनी हौसेने कार्डं छापून घेतली, तर छापखान्याने 'तीक्ष्ण नजर' ऐवजी 'तीक्ष्ण गजर' छापलं. तेव्हापासून त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत एक बंद पडलेलं घड्याळ असतं. काही त्यांनी उघडलीसुद्धा. ती अजून उघडीच आहेत. मी त्यांचा मदतनीस. हे पद मी मागितलं नव्हतं, बायकोबरोबर ते आपोआप आलं.

त्या दुपारी माझी सुट्टी होती आणि भिंगदादा आमच्याकडे बसून माझ्या चपलेवरून माझा स्वभाव सांगत होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज रडवेला.

"अहो, लगेच शिवणघरात या. आणि दादाला आणू नका."

पण मुंगीची उचकी टिपणारे कान शेजारीच होते. मी फोन ठेवेपर्यंत भिंगदादांनी भिंग खिशात टाकलं होतं आणि माझ्याच चपला पायात घातल्या होत्या.

ही एका शिवणघरात शिवणकाम करते. शिवणघर एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मुख्य दारातून आत शिरलं की डाव्या हाताला शिवणघर, समोर लांबलचक अंधारा पॅसेज, आणि पॅसेजच्या पार शेवटी न्हावीकाकांचं दुकान. त्या दुकानाला दाराऐवजी जाड पडदा. मध्येच एक जिना, वर दंतवैद्यांकडे आणि त्याच्याही वर गच्चीकडे जाणारा. एवढाच भूगोल. भिंगदादांनी पुढे त्याची जी वाट लावली, ती समजायला एवढा पुरे आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ही एका कोपऱ्यात उभी होती आणि मालकीणबाई बाकीच्या सगळ्या जागेत उभ्या होत्या.

"नवरीचा पोशाख गेला!" मालकीणबाई ओरडल्या. "पुतळ्यासकट गेला! संध्याकाळी न्यायला येणारेत ते लोक. आणि जेवायला जाताना सगळ्यात शेवटी दुकानातून कोण बाहेर पडलं? ही!"

पुतळा म्हणजे शिंप्यांकडे असतो तसला, मानेपर्यंतचा, डोकं नसलेला. खाली चाकं, आणि चाकं अडकवायला एक खिटी. पोशाख हिनेच शिवला होता. किती दिवस घरी त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. बाह्यांवरचं मण्यांचं काम करताना हिचे डोळे सुजले होते.

"मी नाही नेला हो," ही म्हणाली. "मी कशाला नेऊ?"

"अगं, काल तूच म्हणालीस ना, 'हा पोशाख देववत नाही मला' म्हणून? सगळ्यांनी ऐकलंय! हे बघ, संध्याकाळपर्यंत पोशाख मिळाला नाही ना, तर उद्यापासून येऊ नकोस. आणि दुसरीकडे कुठे तुला उभं करतात तेही बघते मी. चोर कुठली!"

शेवटचे दोन शब्द पॅसेजभर घुमले. हिचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतका राग आला की काही सुचेना. आणि मला सुचेनासं झालं की भिंगदादांना सुचू लागतं.

"कोणी कशाला हात लावू नका," ते म्हणाले आणि स्वतःच कापडावर खुणा करायच्या ओल्या खडूच्या ताटलीत हात ठेवून वाकले.

योगायोग असा की त्याच दिवशी इमारतीच्या मुख्य दाराला आपोआप उघडायचं यंत्र बसवत होते. एक मेकॅनिक शिडीवर होता. दाराच्या वर त्याने एक डोळा बसवला होता. पॅसेजमध्ये काही हललं की ते दारापासून किती लांब आहे, हे तो डोळा सतत मोजत राहतो आणि छोट्या पडद्यावर त्याची रेघ काढतो. कागदावर छापूनही देतो.

"जेवणाच्या सुट्टीत मी नव्हतो, पण यंत्र चालू होतं," मेकॅनिक म्हणाला. "तेवढ्या वेळात पॅसेजमध्ये एकच वस्तू हलली. हा घ्या आलेख."

भिंगदादांनी कागद हातात घेतला. आधी उलटा धरला, मग सुलटा, मग भिंगातून, मग भिंग काढून. कागदावर एक रेघ होती. सुरुवातीला ती पायऱ्यापायऱ्यांनी थोडी खाली येत होती. मग थोडा वेळ अगदी आडवी. मग हळूच वर वळत होती, आणि जितकी पुढे जाईल तितकी उभट होत एकदम उंच चढत होती. टोकाला पोचली की पुन्हा आडवी, ती शेवटपर्यंत.

"साधं आहे," भिंगदादा म्हणाले. हे ऐकलं की माझी पाचावर धारण बसते. "या पायऱ्या दिसतात? चोर जिना उतरून खाली आला. हा सपाट भाग, इथे त्याने दम खाल्ला. मग हा चढ. बघा कसा उभा चढ आहे! पुतळा खांद्यावर टाकून तो वर वर गेला. आणि हे शेवटचं सपाट काय असेल, जावईबापू?"

"काय?"

"गच्ची!"

मेकॅनिक शिडीवरून दोन पायऱ्या उतरला. "साहेब, हे चित्र नाही. रस्ता कसा होता ते यात दिसत नसतं. आडवी रेघ आहे ना खाली, ती वेळेची. उभी अंतराची. रेघ वर गेली म्हणजे वस्तू दारापासून लांब गेली, बस."

"तरुण माणसा," भिंगदादा म्हणाले, "उभ्या रेघेला उंची नसते, असं म्हणायचंय तुला?"

मेकॅनिकने हात टेकले. एक हात शिडीवर होता, त्यामुळे एकच टेकला.

आम्ही गच्चीवर गेलो. गच्चीवर पाण्याची टाकी होती, एक कबुतर होतं आणि ऊन होतं. भिंगदादांनी टाकीत डोकावून पाहिलं, कबुतराकडे संशयाने पाहिलं आणि कबुतराने आमच्याकडे. मी म्हटलं, "दादा, पोशाख इथे नाही."

"नाही कसा? रेघ इथे येऊन थांबलीये!" त्यांनी पुन्हा कागद उलगडला आणि एकदम थबकले. "अरेच्चा! हे काय?"

कागदाच्या कडेला बारीक अक्षरांत उभ्या रेघेशी 'अं.' आणि आडव्या रेघेशी 'वे.' लिहिलेलं होतं. अंतर आणि वेळ. मेकॅनिकने नुकतंच सांगितलं होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं.

"बोलू नका. विचार करतोय." त्यांनी डोळे मिटले. "वे... वे... वेदना! आणि 'अं'? तोंड उघडं ठेवून माणूस दुसरा कुठला आवाज काढू शकतो, सांगा! अं... अं..." ते गच्चीवर तोंड वासून उभे राहिले. "वेदना आणि अं! दंतवैद्य!"

खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलं. ऊन फार होतं.

दंतवैद्य एका पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून उभे होते. भिंगदादा थेट आत घुसले आणि म्हणाले, "पोशाख कुठाय?"

"ॲप्रन? दाराच्या मागे," दंतवैद्य म्हणाले.

दाराच्या मागे पांढरा ॲप्रन होता. भिंगदादांनी तो हुंगला, त्याची शिवण तपासली, बाह्यांवर मणी शोधले.

"अं, अं," खुर्चीतला पेशंट म्हणाला.

"ऐकलंत?" भिंगदादा माझ्या कानात म्हणाले. "साक्षीदार बोलतोय."

साक्षीदाराला एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर, अंगठा काढा. दंतवैद्यांनी आम्हाला बाहेर काढलं, आणि जाता जाता भिंगदादांच्या दाढेला कीड आहे हेही सांगितलं. ती एकच गोष्ट त्या दिवशी एखाद्या तज्ज्ञाने नीट पाहून सांगितली.

खाली आलो तेव्हा मालकीणबाई घड्याळाकडे बघत होत्या आणि ही आपली कात्री, बोटावर घालायचं अंगुस्तान, मापाची टेप एकेक करून पर्समध्ये भरत होती. मला बघून म्हणाली, "अहो, चोर म्हणाल्या त्या मला. सगळ्यांसमोर. नोकरी गेली तर दुसरी बघू, पण हे कसं पुसायचं?" मी तिचा हात धरला.

"छकुले, रडू नकोस," भिंगदादा म्हणाले. हिचं वय काहीही होवो, त्यांच्यासाठी ही छकुलीच. "ए मेकॅनिक, तुझ्याकडे आणखी काही कागद आहे?"

मेकॅनिकने नाइलाजाने दुसरा आलेख काढून दिला. भिंगदादांनी पहिला कागद माझ्या हातात कोंबला. "हा वेगाचा आहे. पण तुम्ही हा बघू नका, साहेब, कृपा करा. हा शून्याच्या खालचा भाग म्हणजे ऋण वेग. ऋण म्हणजे वस्तू उलट्या बाजूला, दाराकडे येत होती..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. भिंगदादांचे डोळे चमकले होते.

"ऋण! ऋणानुबंध! जुने ऋणानुबंध असलेला कोणीतरी त्या ओढीने वेगात आला. नवरीचा जुना प्रियकर! लग्न मोडायला पोशाख पळवला. आणि तो वर राहतो. म्हणजे दंतवैद्य!"

"दंतवैद्यांना नातवंडं आहेत," मालकीणबाई म्हणाल्या.

"म्हणूनच प्रियकर जुना म्हणालो मी."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. भिंगदादांना शांतता फार आवडते, ती त्यांना टाळ्यांसारखी वाटते. त्यांनी शिवणघरातलं एक गोल स्टूल पॅसेजमध्ये ओढलं, त्यावर पायावर पाय टाकून बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "आता मी हे प्रकरण जागेवरून न हलता सोडवणार आहे."

आणि हलले.

स्टुलाला चाकं होती. पॅसेजला, पाणी वाहून जावं म्हणून, न्हावीकाकांच्या दिशेने अगदी किंचित उतार होता. चालताना पायांना कळणारही नाही इतका. पण चाकांना कळला. स्टूल आधी विचार केल्यासारखं हळूहळू सरकलं. भिंगदादांना वाटलं आम्हीच मागे जातोय, आणि ते म्हणाले, "असे मागे मागे का सरकता? घाबरू नका." मग स्टुलाने वेग घेतला. मग आणखी घेतला. 'घाबरू नका' मधला शेवटचा 'का' लांबत लांबत पॅसेजच्या टोकापर्यंत गेला आणि पडद्याआड गडप झाला. पडदा हलला आणि पुन्हा जागच्या जागी आला. आतून काहीतरी धडकल्याचा आवाज झाला.

आम्ही धावणार, इतक्यात ही म्हणाली, "थांबा."

ही दारावरच्या छोट्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर नुकतीच एक रेघ उमटली होती. हळूच वर वळलेली, मग उभट होत उंच चढलेली आणि टोकाला आडवी. हिने माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि पडद्याशेजारी धरला.

"अहो, तीच रेघ आहे ही."

खरंच तीच होती. पायऱ्या तेवढ्या नव्हत्या.

"दादा आत्ता वर गेला का?" हिने विचारलं.

"छे. खाली घसरला."

"आणि रेघ तर चढलीये." ही माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली. "म्हणजे कागदावरचा चढ म्हणजे जमिनीवरचा उतार! अहो, माझा पुतळा कोणी नेला नाही. तो गेला आपल्या पायांनी. म्हणजे चाकांनी!"

"हेच मी मघापासून..." मेकॅनिक म्हणाला, पण तोवर आम्ही पॅसेजच्या टोकाला पोचलो होतो. ही पुढे, मी मागे, मालकीणबाई धापा टाकत माझ्या मागे.

पडद्याआडून भिंगदादांचा आवाज येत होता. चौकशी चालू होती.

"बाई, मी पुन्हा विचारतो. दुपारपासून तुम्ही इथे उभ्या आहात ना? मग इथून कोणी पोशाख घेऊन जाताना दिसलं का? गप्प राहून फायदा नाही. गप्प माणूस काहीतरी लपवत असतो."

ही पडदा बाजूला करून आत गेली. स्टूल उलटं पडलं होतं. भिंगदादा जमिनीवर बसून, मान खाली घालून बोलत होते, आणि त्यांच्या समोर, पांढऱ्याशुभ्र पोशाखात, बाह्यांवर मणी चमकवत, पुतळा उभा होता. त्याच्या खांद्यांवर न्हावीकाकांनी केस कापतानाचं स्वच्छ फडकं गुंडाळून ठेवलं होतं.

"दादा!" ही किंचाळली. "अरे, पुतळा आहे तो!"

"परस्त्रीशी बोलताना मी मान वर करत नाही," भिंगदादा ताठ स्वरात म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. बराच वेळ वरच ठेवली. "तरीच. मला सुरुवातीपासून शंका होती की या बाईंना डोकं नाही."

न्हावीकाका कोपऱ्यात वस्तरा पुसत होते. "मला काय माहीत?" ते म्हणाले. "बाई आल्या तरातरा आणि उभ्या राहिल्या. मी म्हटलं बसा, बसेनात. काय कापायचं विचारलं, बोलेनात. म्हटलं रागावल्या असतील, पुढचं गिऱ्हाईक होईपर्यंत फडकं तरी गुंडाळावं."

"पण काका, डोकं नाही हे दिसलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"चष्म्याशिवाय कसं दिसणार? तो पडलाय दुरुस्तीला." त्यांनी डोळे बारीक करून भिंगदादांकडे पाहिलं. "आवाज ओळखीचा वाटतो. तुम्हीच ना चष्म्याच्या दुकानातले? मी फोन केला की 'उद्या देतो' म्हणणारे?"

भिंगदादांना एकदम खूप महत्त्वाचं काहीतरी आठवलं आणि त्यांनी हिच्या हातातला आलेख घेऊन त्यात डोकं खुपसलं.

ही पोशाख चाचपून बघत होती. एक मणीही तुटला नव्हता. मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "मिळाला ना? झालं तर मग. चल गं, कामाला लाग. खालची पट्टी राहिलीये अजून."

एवढंच. मी काही बोलणार होतो, पण त्याआधी भिंगदादा उठले. खाली घसरून आल्यामुळे त्यांना आता आलेख कळायला लागला होता आणि ते ज्ञान त्यांना पोटात ठेववेना.

"थांबा! प्रकरण संपलं नाही. रेघ चढली ती घसरल्याची. ती बघा कशी गुळगुळीत आहे, माझी पण तशीच असणार. पण सुरुवातीला पायऱ्या आहेत. घसरणारी वस्तू पायऱ्या काढत नाही. पावलं टाकणारा माणूस काढतो! म्हणजे आधी कोणीतरी पुतळा धक्के देत देत मुख्य दाराकडे नेला. मग ही सपाट रेघ, म्हणजे तिथे उभा करून ठेवला. आणि खिटी न लावता निघून गेला. मूर्ख! अक्कलशून्य! एवढी साधी खिटी ज्याला लावता येत नाही, त्याने शिवणघर तर सोडाच, पानाची टपरीसुद्धा चालवू नये! आणि तो माणूस आहे..." त्यांचं बोट फिरत फिरत गेलं आणि थांबलं. "न्हावीकाका!"

"मी?" न्हावीकाका म्हणाले.

"मी," मालकीणबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या पडद्याची कड चुरगाळत होत्या.

"सगळ्या जेवायला गेल्यावर मी बाहेर काढला होता पुतळा. दाराशी उजेड चांगला येतो. फोटो काढायचा होता. तेवढ्यात आत फोन वाजला म्हणून गेले, आणि... विसरलेच. जेवून परत येऊन बघते तर दुकानात पुतळा नाही. मग मला वाटलं..." त्या थांबल्या. "चुकलं माझं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, मिटलं. पण ही जागची हलली नाही.

"मला नीट ऐकू आलं नाही," ही म्हणाली.

"चुकलं म्हटलं."

"चोर म्हणालात तेव्हा पॅसेजभर ऐकू गेलं होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मालकीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्या पडद्याबाहेर, पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिने काही चोरलेलं नाही! खिटी मीच विसरले! माझी चूक झाली!"

वर जिन्यात दंतवैद्य आणि तोंडात कापूस घेतलेला पेशंट डोकावले. शिडीवरून मेकॅनिकने मान हलवली. भिंगदादा हळूच टाळ्या वाजवायला लागले, त्या आपल्यासाठीच आहेत असं समजून वाकलेही.

हिने खाली बसून पुतळ्याच्या चाकाची खिटी लावली, तिथेच जमिनीवर बसून खालची उरलेली पट्टी शिवली आणि मी टाचण्या धरल्या. हिचा एकही टाका वाकडा गेला नाही. संध्याकाळी नवरीकडचे लोक पोशाख घेऊन, खूश होऊन गेले.

निघताना मालकीणबाई दाराशी आल्या. "उद्या येशील ना गं?"

ही चपला घालता घालता थांबली. "येईन," म्हणाली. "पण उद्यापासून मला 'अगं' म्हणायचं नाही."

मालकीणबाईंनी ओठ आवळले. सगळ्या शिवणघरात त्यांनी आजवर कोणालाच 'अहो' म्हटलेलं नव्हतं. त्यांनी पोशाख गेल्यावर रिकाम्या झालेल्या पुतळ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं.

"ये..." त्या म्हणाल्या. जरा थांबल्या. "या हं उद्या. वेळेवर या."

"येते," ही म्हणाली, आणि आम्ही घरी आलो.